बाईनू, फोटो काढलात?

प्रति,
प्राथमिक शाळांचा अभ्यासक्रम आखणारे, पाठ्यपुस्तकं घडवणारे आणि उपक्रमांची परिपत्रकं काढणारे सर्व सन्माननीय.

विषय : पहिली ते चौथीच्या मुलांची चित्रं, खेळ, भाषा आणि बातम्या यांबाबत.

महोदय / महोदया,

सप्रेम नमस्कार.

मी सिंधुदुर्गातल्या कुडाळ तालुक्यातली प्राथमिक शिक्षिका. नोकरीला बावीस वर्षं झाली. शाळा पहिली ते चौथी, पट सतरा, शिक्षक दोन. एका खोलीत पहिली-दुसरी, दुसऱ्या खोलीत तिसरी-चौथी, आणि मधल्या दाराला कडी नाही, त्यामुळे इकडचे पाढे तिकडे ऐकू येतात. गावाचं नाव लिहीत नाही. जे सांगणार आहे ते गावोगावचंच आहे.

गेल्या श्रावणात एका सकाळी साडेदहाला मोबाइलवर निरोप आला. पर्यावरणपूरक गणेशमूर्ती तयार करण्याचा उपक्रम आजच घ्यावा, फोटो काढावेत, चारच्या आत लिंक भरावी. आमचे गुरुजी मोटरसायकल घेऊन बाजारात गेले आणि शाडूच्या दोन पिशव्या घेऊन आले. बाराच्या सुमारास सतराही मुलांना पडवीत बसवलं. प्रत्येकापुढे जुन्या पेपराचा तुकडा, त्यावर मातीचा गोळा. मी चार फोटो काढले. एक सगळ्यांचा मिळून, दोन जवळून आणि एक फळ्यासकट, कारण फळ्यावरचं उपक्रमाचं नाव आणि दिनांक दिसला नाही तर फोटो परत येतो. मोबाइल खाली ठेवला तोच पहिलीतली एक मुलगी म्हणाली, "बाईनू, फोटो काढलात? मगे हात धुवूक जाव?"

तिच्या गोळ्याला अजून सोंडसुद्धा फुटली नव्हती.

ती आगाऊपणा करत नव्हती. प्रार्थना संपल्यावर "बसू?" विचारावं तितक्या साधेपणाने तिने विचारलं होतं. जूनमध्ये शाळेत आली, ऑगस्टपर्यंत वृक्षारोपण, योग दिन, दिंडी, हात धुवा, तिरंगा असं सगळं तिने केलं, आणि त्यातून जे उमगायचं ते तिला नेमकं उमगलं. फोटो निघाला की काम झालं. हा धडा कुठल्याही पाठ्यपुस्तकात नाही. तो मी शिकवला.

त्याच पडवीत तिसरीतला एक मुलगा मातीला हात लावायला तयार नव्हता. मला वाटलं रुसलाय. जवळ जाऊन विचारलं तर म्हणाला, "माती मळूक नाय, बाईनू. फुटतली ती." मग इकडेतिकडे बघत, "कापूस खंय आसा?"

आपल्यापैकी घाटावरच्या मंडळींना कदाचित ठाऊक नसेल, आमच्याकडे मूर्तिकाराच्या कारखान्याला 'गणपतीची शाळा' म्हणतात. आषाढात ती भरते आणि भाद्रपदाच्या चतुर्थीला सुटते. घरोघरचे पाट तिथे आधीच जाऊन पडतात, प्रत्येकाने आपापला पाट नेऊन द्यायचा, त्यावरच मूर्ती घडते. या मुलाच्या मामाची अशी शाळा आहे. आमची शाळा सुटली की हा त्या शाळेत. माती भिजवणं, खडे वेचणं, कापूस घालून कुटणं, हाताला चिकटेनाशी होईपर्यंत मळणं, ही सगळी कामं तो करतो. डोळे आखायला मामा अजून देत नाही. "दोन वर्सानी," असं सांगितलंय म्हणे. आणि माझ्या भाषेच्या तासाला जोडाक्षराशी अडणारा हा मुलगा पाटांच्या मागे खडूने लिहिलेली गावातली आडनावं घडाघडा वाचतो, कारण पाट चुकला तर गणपती चुकीच्या घरी जाईल.

तिसऱ्या दिवशी पडवीतल्या सोळा मूर्तींपैकी अकरा तडकल्या. त्याने केलेली त्यात नव्हती, कारण त्याने केलीच नव्हती.

आता हा मुलगा माझ्या नोंदवहीत कसा दिसतो ते सांगते. 'मातीपासून विविध आकार तयार करतो.' त्याच्या वरच्या मुलीपुढेही हेच वाक्य, फक्त 'करते'. त्याच्या खालच्या मुलापुढे 'चित्रात आवडीने रंग भरतो'. यातलं एकही वाक्य माझं नाही. तयार नोंदींच्या पुस्तिका बाजारात मिळतात, हल्ली पीडीएफ फिरतात. विषयवार, इयत्तावार, श्रेणीवार. सत्र संपायच्या आठवड्यात त्या कुठे कुठे उघड्या असतात ते तपासणीला येणाऱ्यांनाही माहीत असतं, कधीकाळी त्यांनीही वर्गावर काम केलेलं असतं. कबूल करायला लाज वाटते तरी करते. प्रगतिपत्रकात 'आवड/छंद' असा रकाना असतो, त्यात या मुलापुढे मी 'क्रिकेट खेळणे' लिहिलं होतं. का लिहिलं, आता आठवत नाही.

२० ऑगस्ट २०१० च्या शासन निर्णयाने सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं तेव्हा मी मनापासून खूश झाले होते. पहिली-दुसरीला ७० टक्के आकारिक (वर्षभर वर्गात पाहून केलेलं मूल्यमापन), तिसरी-चौथीला ६० टक्के, आणि कला, कार्यानुभव, शारीरिक शिक्षण यांना पूर्ण १०० टक्के आकारिक. म्हणजे चित्राचा पेपर नाही, खेळाची लेखी नाही. बाईने वर्षभर मूल पाहावं आणि दिसलं ते लिहावं, इतकी शहाणी गोष्ट सरकारी कागदावर मी क्वचित वाचली आहे. पण पाहायला वेळ लागतो, आणि सतरा मुलांच्या सहा-सात विषयांच्या दोन सत्रांच्या नोंदी वेळेवर पूर्ण लागतात. वेळ एकच आणि मागणारे दोन असले की जो तपासला जातो तो जिंकतो. नोंद तपासली जाते. पाहणं कोण तपासणार?

वेळेचं गणित आणखी थोडं मांडते. शिक्षण हक्क कायद्यात पाचवीपर्यंतच्या वर्गांना वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास सांगितले आहेत. त्याच कायद्याच्या परिशिष्टात कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षणासाठी अंशकालीन निदेशक आहेत, पण ते सहावी ते आठवीला, आणि तेही पट शंभराच्या वर असेल तर. पहिली ते पाचवीला कोणी नाही. म्हणजे चित्रकलेच्या बाई मी, पीटीच्या बाई मी, गाण्याच्याही मीच. याबद्दल माझी तक्रार नाही. सहा वर्षांच्या पोराला दर तासाला नवा चेहरा कशाला हवा? पण ज्या चाचण्यांच्या छापील प्रश्नपत्रिका येतात त्या भाषा, गणित आणि इंग्रजीच्या. त्यामुळे सकाळचा तजेला त्यांच्याकडे जातो आणि रंगपेटी शेवटच्या तासाला उघडते. पस्तीस मिनिटं. वाट्यांत पाणी वाटायला सात, सांडलेलं पुसायला पाच, ब्रश धुवायला पाच. उरलेल्यात पोषण आहाराची नोंद भरायची असते.

बालभारतीचं 'खेळू, करू, शिकू' हे पुस्तक आमच्याकडे आहे. नाव मला फार आवडतं, नुसती तीन क्रियापदं. मात्र ती क्रियापदं बऱ्याचदा छापील पानावरच राहतात, आणि मुलांच्या वाट्याला 'पान नंबर अमुक काढा, रंगवा' येतं.

भिंतींचंच बघा. आमच्या शाळेच्या बाहेरच्या भिंतीवर वारली चित्रं आहेत. आपण राज्यात कुठल्याही जिल्ह्यात गेलात तरी शाळेच्या भिंतीवर ती दिसतील. वारली चित्रांशी माझं वाकडं नाही. डहाणू-पालघरकडच्या वारली बायका लग्नघरात तांदळाच्या पिठाने चौक लिहितात, जिव्या सोमा मशे यांनी ती कला कागदावर आणून जगाला दाखवली, २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. पण आमच्या पोरांनी ना वारली लग्न पाहिलंय ना तारपा ऐकलाय. त्यांच्या लेखी वारली म्हणजे उलटा त्रिकोण, सुलटा त्रिकोण, वर टिंब, झाला माणूस. आणि आमच्याच तालुक्यात पिंगुळी आहे. तिथल्या ठाकर समाजाची चित्रकथी परंपरा आहे, रामायण-महाभारताच्या चित्रांच्या पोथ्या आहेत, एकेक चित्र समोर धरून गात गात गोष्ट सांगायची रीत आहे. परशुराम गंगावणे यांना त्यासाठी २०२१ ची पद्मश्री मिळाली. आमच्या भिंतीवर त्यातलं एक चित्र नाही. का, तर रंगाऱ्याकडे वारलीचेच नमुने होते.

भाषेकडे येते. इथे माझा स्वतःचा हिशेब बाकी आहे.

नोकरीच्या दुसऱ्या की तिसऱ्या वर्षी चौथीतल्या एका मुलीने 'पावसाळा' या निबंधात लिहिलं होतं, 'व्हाळाक हौर इलो'. मी लाल पेनाने खोडून वर लिहिलं, 'ओढ्याला पूर आला'. शुद्ध, नीटनेटकं. ती मुलगी त्यानंतर वर्षभर निबंधात तेवढंच लिहीत असे जेवढं पुस्तकात होतं. एकही लाल खूण नाही आणि एकही गोष्ट तिची नाही. व्हाळ म्हणजे ओढा, हे शब्दकोशात बरोबर असेल. पण तिच्या घरामागून जाणारा, मे महिन्यात कोरडा पडणारा, ज्यात तिची गाय एकदा वाहून जाता जाता राहिली, तो व्हाळ होता. ओढा तिने पाहिलेलाच नव्हता.

आता मी खोडत नाही. व्हाळ राहू देते आणि बाजूला विचारते, कोल्हापूरच्या मुलीला हे पत्र पाठवायचं असेल तर काय लिहशील? मग ती स्वतःच 'ओढा' शोधून काढते, कधी कधी 'छोटी नदी' म्हणते. दोन्ही शब्द वहीत राहतात. प्रमाण मराठी आमच्या मुलांना यायलाच हवी, त्याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण ती घरच्या बोलीच्या डोक्यावर पाय देऊन आली तर मूल दोन्हीकडून मुकं होतं.

आणि ती येते कुठून, तेही बघा. जत्रांचे दिवस आले की दशावताराला अख्खा गाव देवळापुढे बसतो. आधी आडदशावतार म्हणजे नाटकाचा पूर्वरंग, त्यात संकासुराची थट्टा, मग आख्यान, पहाटेपर्यंत. नटांना लिहिलेली संहिता नसते, संवाद ज्याचे त्याने जागेवर रचायचे असतात. राजा बोलतो ती मराठी सातवीच्या पुस्तकाहून भारदस्त, आणि विनोद करणारा बोलतो ती आमची मालवणी. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत हीच पोरं ओढण्या खांद्यावर टाकून पडवीत उभी राहतात. वर्गात "माझं नाव" या विषयावर तीन वाक्यं न बोलणारा मुलगा पाय आपटून गरजतो, "अधमा, तुझा काळ समीप आलेला आहे!" 'समीप'. 'आलेला आहे'. आणि ज्याचा काळ समीप आलाय तो खास मालवणीत त्याची टर उडवतो. कोणाला कुठल्या जागी कुठली भाषा शोभते हे त्यांना कळतं. भाषाशिक्षणात याहून मोठं काय शिकवतात मला माहीत नाही. मी फक्त सुट्टीनंतरची घंटा दहा मिनिटं उशिरा दिली.

२०२५ साली भाषेवरून राज्यात केवढा गदारोळ झाला. १६ एप्रिलला पहिलीपासून हिंदी अनिवार्य करणारा निर्णय, १७ जूनला त्यात दुरुस्ती, २९ जूनला दोन्ही मागे, मग नवी समिती. माझं मत विचाराल तर पहिलीत तिसरी भाषा नको. पण त्या तीन महिन्यांत पहिल्या भाषेत पहिलीचं मूल दिवसाला किती वाक्यं स्वतःहून बोलतं, हे कोणी विचारलेलं मला ऐकू आलं नाही. शैक्षणिक धोरण २०२० म्हणतं, शक्य असेल तिथे किमान पाचवीपर्यंत आणि शक्यतो आठवीपर्यंत व त्यापुढेही घरच्या भाषेतून शिकवा. आमच्या घरची भाषा मालवणी आहे, हे वाक्य त्या कागदात बसवून वाचायला कधीतरी बसू या.

आता बातम्या. माध्यमशिक्षण हा शब्द अलीकडे प्रशिक्षणांतून कानावर येतो आणि तो काहीतरी टॅबलेटवर करायचा विषय असल्यासारखा बोलला जातो. पण आमच्याकडे तो रोज सकाळी होतो. परिपाठात राष्ट्रगीत, राज्यगीत, प्रतिज्ञा, प्रास्ताविका, प्रार्थना, सुविचार, दिनविशेष, बोधकथा, आणि मध्ये कुठेतरी बातम्या. त्या मुलांनी वाचायच्या. येतात कुठून? 'आजचा परिपाठ' नावाची तयार पीडीएफ पहाटेच मोबाइलवर आलेली असते. मागे एकदा दुसरीतल्या मुलीने खणखणीत आवाजात वाचलं, "रिझर्व्ह बँकेने रेपो दर जैसे थे ठेवला." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी विचारलं, रेपो दर म्हणजे काय? कोणीतरी म्हणालं, "दार." मी हसले, पण नंतर लक्षात आलं की मलाही तो पहिलीच्या मुलाला सांगता आला नसता.

त्या दिवसापासून पीडीएफ बंद केली. नियम एकच ठेवला. बातमी गावातली, आणि सांगणाऱ्याने कोणी पाहिली ते सांगायचं. पहिले आठ दिवस सगळ्या बातम्या जेवणाच्या होत्या, काल काय मासे आणले आणि कोणाकडे पाहुणे आले. चालतील. मग एका सकाळी चौथीतला एक मुलगा म्हणाला, "राती काजीच्या बागेत गवे इल्ले. चार." दुसरा म्हणाला, एकच होता. तिसरी म्हणाली, तिच्या आजोबांनी आवाज ऐकला, पाहिला नाही. परिपाठ तिथेच थांबला. चार की एक? कोणी पाहिलं? मधल्या सुट्टीत तिसरी-चौथीची पोरं गुरुजींना घेऊन बागेत जाऊन आली आणि मातीतले खूर पाहून आली. मोठे दोन जोड, लहान एक. भित्तिपत्रकावर बातमी अशी लागली : 'बागेत गवे आले. किमान तीन. कोणीही पाहिले नाहीत. खूर आम्ही पाहिले.' ही चार वाक्यं मी कुठल्याही वर्तमानपत्राला दाखवायला तयार आहे.

पुढे दोन महिन्यांनी पालकांच्या मोबाइलवर एक फोटो फिरला, 'आपल्या घाटात बिबट्या, सावध राहा'. डांबरी रस्ता, कडेला बिबट्या, मागे डोंगर. गावात संध्याकाळी कोणी बाहेर पडेना. दुसऱ्या दिवशी फोटो परिपाठात आला. सगळी बिबट्याकडे बघत होती. तिसरीतली एक मुलगी, जिचे वडील लाकूडतोडीची कामं करतात, मागच्या टोकदार झाडांवर बोट ठेवून म्हणाली, "बाईनू, ह्यां झाड आपल्याकडचां नाय." खरंच नव्हतं. थंड डोंगराळ मुलुखातली झाडं ती. तो बिबट्या कुठला कोणास ठाऊक, पण आमच्या घाटातला नव्हता. तिने घरी जाऊन वडिलांना सांगितलं आणि वडिलांनी गावाच्या गटावर टाकलं. संगणक नाही, ॲप नाही. झाड ओळखता येणं पुरलं.

शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात लिहिलंय की प्रत्येक शाळेत ग्रंथालय असेल आणि त्यात वर्तमानपत्र, मासिकं, गोष्टींची पुस्तकं असतील. वर्तमानपत्र हा शब्द कायद्यात आहे, हे कित्येकांना वाचून नवल वाटेल. आमच्याकडे पेपर येतो तो गुरुजींच्या गाडीच्या डिकीतून, आदल्या दिवशीचा. तरी चालतो. साने गुरुजींनी अमळनेरच्या छात्रालयात हस्तलिखित दैनिक चालवलं होतं, ते काही ऑफसेटवर छापत नव्हते.

खेळाबद्दल फार लिहीत नाही, कारण मुलं तो विषय आमच्याविना चालवतात. दोन गोष्टी मात्र सांगायच्या आहेत. एक, आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. जून ते सप्टेंबर मैदानावर शेवाळ असतं, त्यावर धावलेलं मूल थेट दवाखान्यात जातं. वर्षभराचं मैदानी नियोजन जूनपासून सुरू होतं तेव्हा ते पुण्याच्या आकाशाखाली लिहिलेलं असतं. समग्र शिक्षा या सरकारी योजनेत प्राथमिक शाळेला क्रीडासाहित्यासाठी वर्षाला ५००० रुपयांपर्यंत तरतूद आहे. त्यात पडवीत खेळता येईल असं काय घ्यावं, याची एक साधी यादी कोकणासाठी वेगळी का होत नाही?

दुसरी गोष्ट स्पर्धांची. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला, पुरुष आणि महिला दोन्ही भारताने जिंकले, दोन्ही संघांचे कर्णधार महाराष्ट्राचे, प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे. (ही बातमी गावातली नव्हती, तरी मी नियम मोडला.) पोरं हुरळली. पण खो-खोला मैदानात नऊ जण लागतात. सतरा पटाच्या शाळेत एका वयाची, एका गटाची नऊ मुलं आणायची कुठून? त्यामुळे केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, स्पर्धेला आमच्याकडून दरवर्षी धावायला दोघं जातात, तीच दोघं, आणि पंधरा जण टाळ्या वाजवतात. उलट मुलांचा स्वतःचा लंगडीचा डाव पाहा. पहिलीतलं धाकटं पोर आलं की चौथीतली म्हणतात, "ता कच्चा लिंबू." म्हणजे ते खेळणार, पळणार, ओरडणार, पण बाद झालं तरी त्याच्यावर राज्य येणार नाही. आणि ते जरा मोठं झालं की एक दिवस स्वतःच जाहीर करतं, मी आता कच्चा लिंबू नाय. सर्वसमावेशक शिक्षणावर दोन दिवसांचं निवासी प्रशिक्षण मी केलं आहे. त्यात कच्चा लिंबू नव्हता.

तर मागणं काय? नवीन पुस्तक नको, नवा उपक्रम तर नकोच. २०२४ पासून 'आनंददायी शनिवार' आपणच दिला आहे. कल्पना चांगली आहे, तो शनिवार आम्हाला खरोखर देऊन टाका. म्हणजे शनिवारी सकाळी कुठलीही माहिती आजच्या आज मागायची नाही, लिंक पाठवायची नाही, फोटो मागायचा नाही. सलग तीन तास. माती मळून मुरायला ठेवता येईल, नाटकाचं आख्यान अर्ध्यावर सोडावं लागणार नाही, गव्यांचे खूर मोजून परत येता येईल. पुरावा हवाच असेल तर वर्षातून एकदा न सांगता या आणि मुलांना विचारा. फोटो मूक असतो, आमची मुलं नाहीत.

दुसरं, कला, कार्यानुभव आणि खेळ यांच्या साच्यातल्या नोंदी काढून टाका. त्याऐवजी प्रत्येक मुलाबद्दल सत्राला एकच वाक्य मागा, पण अट अशी घाला की ते वाक्य वर्गातल्या दुसऱ्या कुठल्याही मुलाला लागू पडता कामा नये. सतरा मुलांची सतरा वाक्यं. पीडीएफमधून ती मिळणार नाहीत, त्यासाठी मला मान वर करून बघावंच लागेल. मोठ्या पटाच्या शाळांतल्या बाई मला शिव्या घालतील, मान्य आहे. त्यांच्याकडे मुलं कमी ठेवा किंवा वाक्य वर्षाला एक करा, पण खोटी बारा नकोत.

तिसरं पैशाचं आहे आणि थोडंच आहे. शैक्षणिक धोरणातच लिहिलंय की स्थानिक कला आणि कारागिरी शिकवायला गावातली जाणकार माणसं बोलवावीत. आमच्याकडे मूर्तिकार आहे, रात्रभर उभं राहून नाटक करणारे नट आहेत, भजनाची पेटी वाजवणारे आहेत. ते फुकट यायलाही तयार असतात, मला बोलवायला संकोच होतो. एक दिवस बुडवून येणाऱ्या माणसाच्या हातावर फक्त नारळ ठेवायचा? त्यांच्या मानधनासाठी शाळेच्या खात्यावर वेगळी रक्कम आलेली मी बावीस वर्षांत पाहिली नाही.

या वर्षीही श्रावणात निरोप येईल, हे धरून मी आषाढातच तयारी केली आहे. तिसरीतला तो मुलगा आता चौथीत आहे. त्याच्या मामाकडून माती आणली, शाडू नाही, इथलीच. त्याने ती मोठ्या बादलीत भिजत घातली आहे आणि बादलीवर फळी, फळीवर दगड ठेवला आहे, कारण पहिलीतली पोरं येता-जाता बोट घालून बघतात. शुक्रवारी कुटायची, शनिवारी बसायचं, असं त्याने ठरवलंय. कोणी काय करायचं तेही त्यानेच वाटून दिलंय. माझ्याकडे कापूस पिंजायचं काम आलं आहे.

आपल्यापैकी कोणाला यायचं असेल तर शनिवारी शाळा सकाळची असते. कुडाळहून पहिली एसटी फाट्यावर उतरवते, तिथून चढाने वीस मिनिटं. पायात रबरी चपला घाला, मैदानात शेवाळ आहे. मोबाइल पिशवीत ठेवलात तर बरं, आणि बाह्या वर कराव्या लागतील. तो कोणाला नुसतं बसू देत नाही.

आपली नम्र,
सतरा पटाच्या शाळेतली एक उपशिक्षिका